बेसिकचं वाण कसं लुटावं? (नवशिक्यांसाठी)

तुमच्या जीडब्ल्यू-बेसिकच्या फ्लॉपीत ‘रक्कम अक्षरी’ छापणारं सबरुटीन आहे आणि ते मित्राला दिल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही. तर मग घ्या करायला.

१. माल पाखडा. इंग्रजीत २७ शब्दांत ९९ पर्यंतचं भागतं. मराठीत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, म्हणजे डेटाच्या ओळींत रोमन लिपीतले ९९ शब्द. त्यांतल्या ‘एकोणऐंशी’त एखादं अक्षर कमी पडलेलं असतंच. सापडलं तर बरं, नाही सापडलं तर पायरी ६ पाहा.

२. गावाबाहेर घर बांधा. ओळींचे क्रमांक ६५५२९ पर्यंत जातात, तेव्हा तुम्ही ६०००० पासून बस्तान मांडा. १००० पासून मांडलंत, तर मर्ज करताना तुमची ओळ मित्राच्या त्याच क्रमांकाच्या ओळीवर न विचारता बसते. त्याचा विक्रीकराचा हिशेब जातो आणि पाठोपाठ मैत्रीही.

३. सेव्ह करताना शेवटी स्वल्पविराम आणि ‘ए’ लावा. साध्या मजकुरातली फाइलच मर्ज होते, एरवी ‘बॅड फाइल मोड’ म्हणून यंत्र हात वर करतं. ‘पी’ लावलंत तर फाइल चालते, पण तिची लिस्ट निघत नाही. द्यायचं तर आहे, पण दाखवायचं नाही, अशा स्वभावाच्या माणसांसाठी ही सोय.

४. ‘आय’ वापरू नका. इथे सगळी व्हेरिएबल्स सामायिक, एका वाड्यातल्या नळासारखी. मित्र ‘आय’ १ ते १० फिरवून दहा बिलं छापतोय. प्रत्येक बिलाला तुमचं सबरुटीन कोटी, लाख, हजार असा तोच ‘आय’ १ ते ३ फिरवतं आणि ४ वर सोडून देतं. नेक्स्ट त्याचे ५ करतं. म्हणून पहिल्या बिलानंतर थेट पाचवं, मग पुन्हा पाचवं, आणि डॉट मॅट्रिक्सचा कागद संपेपर्यंत पाचवंच. मित्राचा फोन आला की ‘माझ्याकडे तर नीट चालतं’ असं शांतपणे म्हणावं. मग घरी ‘आय’चं ‘झेडआय’ करावं.

५. रेमच्या ओळीत आपलं नाव, तारीख आणि सबरुटीन वापरायची रीत लिहा. जागा कमी पडली की लोक सर्वांत आधी रेमच्याच ओळी उडवतात, तरीही लिहा.

६. वाट पाहा. चार वर्षांनी अनोळखी गावात, अनोळखी दुकानात तुम्ही काहीतरी विकत घ्याल. बिलाखाली रक्कम अक्षरी असेल आणि ‘एकोणऐंशी’त तेच अक्षर कमी असेल.

दुकानदाराला काही सांगू नका. बिल घडी घालून खिशात ठेवा.