नानांचा घाट, शाहरुखची पायरी

गावात एखादा जुना वाडा, एखादा घाट आणि पडायला आलेलं एखादं देऊळ असलं की तिथे एक वारसाप्रेमी आपोआप उगवतो. वाईच्या बाजूला असा जो कोणी असतो, त्याला आपण काका म्हणू. काकांच्या पिशवीत पाण्याची बाटली, मोडीतल्या कागदांच्या झेरॉक्स आणि साहेबांना द्यायचं निवेदन असतं. निवेदन गेल्या वर्षीचंच, फक्त तारीख खोडून नवी घातलेली.

वारसा वाचवायचा तर पर्यटक आणा, हा काकांचा सिद्धांत. लोक आले की चार पैसे येतात, पैसे आले की गावाला दगडाची किंमत कळते आणि किंमत कळली की तो दगड उपटून कोणी गोठ्याला लावत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. लोकही आले. पण ते नाना फडणवीसांकडे आले नाहीत, एवढीच काय ती अडचण.

वाईपासून तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे कृष्णाकाठी नानांचा सहा चौकांचा वाडा, खाली चंद्रकोरीसारखा वळलेला घाट, घाटावर मेणेश्वर. साडेतीन शहाण्यांतले नाना अर्धे, कारण तलवार हा त्यांचा प्रांत नव्हता. तरी या अर्ध्या शहाण्याने बारभाईंची मोट बांधून पेशवाई सावरली. १८००मध्ये नाना गेले. २००४मध्ये शाहरुख खान नासातून रजा काढून 'स्वदेस'साठी याच घाटावर उतरला आणि घाटाची मालकी एका रात्रीत फिरली. दप्तरात नोंद नाही, पण वहिवाट त्याचीच.

नुसत्या मेणवलीचं दुःख करण्यात अर्थ नाही, अख्ख्या परिसराची हीच गत. 'स्वदेस'मध्ये मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशात आणि 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये थेट तामिळनाडूत. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या, विश्वकोश घडवणाऱ्या या गावाला सगळ्या राज्यांच्या भूमिका मिळाल्या. वाईची भूमिका तेवढी अजून कोणी देऊ केलेली नाही.

काका मात्र चिवट. 'हेरिटेज वॉक' म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं रविवारी सकाळी उठतात, हे त्यांनी हेरलं आहे. ढोल्या गणपतीपाशी ते सगळ्यांना मुद्दाम देवळाच्या मागे नेतात. १७६२मध्ये रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. काका हे सांगत असतात तेव्हा मंडळी पुढच्या बाजूला गणपतीसोबत फोटो काढत असतात. भिंतीसोबत फोटो काढून तो पाठवायचा कोणाला, हाही प्रश्नच आहे म्हणा.

पर्यटन वाढलं की विकासही मागोमाग येतो. काळ्या दगडाला चॉकलेटी ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात न्हाणीघराच्या फरश्या, याला आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणतात; दात्याचं नाव संगमरवरात, देवापेक्षा ठळक. साहेबांना निवेदन दिलं की साहेब म्हणतात, "काका, घाटावर 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट टाकू, लेझर शो करू." काका म्हणतात, "साहेब, पायऱ्यांचे सांधे सुटलेत, तेवढे भरून द्या." साहेब मान डोलावतात. सुटलेल्या सांध्यांचं उद्घाटन कसं करायचं, हे त्यांना कळत नाही. त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी.

अलीकडे काकांनी रणनीती बदलली आहे. आता ते सुरुवातच शाहरुखपासून करतात. "या, ही ती पायरी." मंडळी पायरीवर बसतात, हात पसरतात, फोटो होतात. गर्दी मूडमध्ये आली की काका तिला हळूच घंटेकडे वळवतात. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. एक नाशकात नारोशंकराच्या देवळात गेली, एक भीमाशंकरला, एक इथे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत, आणि आजूबाजूला ओल्या धोतरांनी संध्या करणारा घाट. काकांचा आवाज इथे जरा चढतो. सगळा इतिहास एका घंटेत टांगलेला सापडला की कोणाचाही चढेल.

गर्दीतली एक ताई घंटेखाली उभी राहून वर बघते. बराच वेळ बघते. काकांच्या जिवात जीव येतो.

"काका, ही पण पिक्चरमधलीच का हो?"

काका क्षणभर नानांच्या वाड्याकडे बघतात. मग अर्ध्या शहाण्याला शोभेल असं बोलतात, "हो ताई, त्यातलीच. आणि पिक्चरमध्ये न दाखवलेलं आहे ना, ते सगळं वर वाड्यात आहे. चला, चपला तेवढ्या बाहेर काढा."