भावोजींचा मायक्रोवेव्ह

अमेरिकेत पस्तीस-चाळीस वर्षं नोकरी केलेला मराठी इंजिनियर निवृत्त झाला, की एक तर महाराष्ट्र मंडळात नाटकं बसवतो, नाहीतर नातवंडं सांभाळतो, नाहीतर मोटरहोम घेतो. पहिल्या दोन उद्योगांत स्क्रूड्रायव्हर लागत नाही, म्हणून आमच्या भावोजींनी मोटरहोम घेतलं.

ताईच्या भाषेत हे चाकांवरचं वन बीएचके. भावोजी मात्र त्याला 'रिग' म्हणतात, आणि आपण चुकून 'गाडी' म्हटलं तर त्यांचा चेहरा पडतो. लांबी एकतीस फूट. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे न्हाणीघर, मध्ये ओटा. या घराला दिवसाचे चार-पाच तास भूकंपात काढावे लागतात. साहजिकच रोज काहीतरी सुटतं, निसटतं किंवा गळतं, आणि भावोजींचं निवृत्तीचं आयुष्य भरगच्च राहतं.

जुलैत मी त्यांच्याबरोबर युटामध्ये मोआबला गेलो होतो. बाहेर चाळीस अंश. दुपारी ताईने चहासाठी दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. दिवा लागला, काचेची थाळी फिरली, पंखा घुमला, शेवटी शिट्टीही झाली. दूध जसंच्या तसं गार.

"वा!" भावोजी म्हणाले.

दुर्मिळ आजाराचा पेशंट दारात आल्यावर तज्ज्ञ डॉक्टरचे डोळे असेच चमकत असावेत. ताईने शेजारच्या शेगडीवर भांडं चढवलं, चहा केला, आपण प्यायली, मला दिला. भावोजींचा कप निवून त्यावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

पहिला संशय व्होल्टेजवर. प्लगमध्ये खोचलेला एक छोटा मीटर त्यांच्या उशाशी कायम असतो. उन्हाळ्याच्या दुपारी कँपग्राउंडमधले सगळे एसी एकदम सुरू झाले की एकशे वीसचा दाब खाली येतो, आणि भावोजी तो क्रिकेटच्या स्कोअरसारखा पुकारतात. "एकशे नऊ! एकशे सात!" दाब उतरला की मायक्रोवेव्हही मंदावतो, पण मंद म्हणजे कोमट, गार नव्हे. पहाटे सहाला, एकशे एकोणीसवर, त्यांनी पुन्हा दूध ठेवलं. गारच. संशयित सुटला.

मेकॅनिकला फोन झाला. तीन आठवड्यांनी येतो म्हणाला, आणि ताशी दर असा सांगितला की भावोजींनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. चाळीस वर्षं डॉलरमध्ये पगार घेऊनही संकटकाळी माणूस रुपयांतच हिशेब करतो. मग नवा घ्यावा का? दुकानातला साधा मायक्रोवेव्ह स्वस्त, पण तो त्या कपाटाच्या खाचेत बसत नाही. खाचेत बसणारा खास मोटरहोमचा. लग्नाचं म्हटलं की हॉलवाला, फुलवाला, बँडवाला जसे दर चढवतात, तसंच या 'मोटरहोमचा' शब्दाचं आहे.

"आणि टाकून का द्यायचा?" ते म्हणाले. "काय झालंय त्याला?" खरं तर काय झालंय हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पण बिघाड काय आहे ते कळल्याशिवाय वस्तू टाकणं म्हणजे उत्तर न बघता कोडं फाडणं, असं या जमातीला वाटतं. यात पैशाचा भाग फार थोडा असतो, हे माझं निरीक्षण आहे.

मायक्रोवेव्ह काढायचा ठरला. मागे भिंतीवरच्या पट्टीत अडकवलेला, वरून कपाटातून दोन लांब बोल्ट. भावोजी ओट्यावर चढून कपाटात कमरेपर्यंत शिरले आणि पंचवीस किलोचं ते धूड मी टोपलीतल्या बाळकृष्णासारखं डोक्यावर तोलून उभा राहिलो. दुसरा बोल्ट हलेना. वसुदेवाला निदान यमुनेने वाट तरी दिली होती.

"तुला माहितीये," कपाटातून आवाज आला, "1945 साली पर्सी स्पेन्सर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी उभा होता आणि त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. त्यातून हे सगळं."

"भावोजी, मान—"

"1947 चा पहिला ओव्हन साडेपाच फुटांवर उंच होता. वजन तीनशे चाळीस किलो! त्यामानाने तुझ्या डोक्यावर काहीच नाही."

ओव्हन बाहेरच्या लाकडी बाकावर आला. पलीकडच्या रिगमधून अर्ध्या चड्डीतला एक म्हातारा टेक्सन चालत आला. निवृत्त विमान मेकॅनिक. 'हॅलो' म्हणण्याआधी त्याने खिशातून स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढला. तेव्हा मला समजलं, ही जात मराठीही नाही आणि अमेरिकनही नाही.

झाकण उघडलं. आत कॅपॅसिटर असतो. प्लग काढला तरी तो दोनेक हजार व्होल्ट धरून बसू शकतो आणि माणूस मारू शकतो. भावोजींचा डावा हात आपोआप पँटच्या खिशात गेला. उच्च दाबाच्या ठिकाणी एकाच हाताने काम करायचं, म्हणजे झटका बसलाच तरी या हातातून त्या हातात छातीमार्गे जात नाही. तीच गोष्ट टेक्सनच्या हाताची. दोन म्हातारे, दोघांचे डावे हात खिशात, उजव्या हातांत जाड मुठीची हत्यारं. ताईने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला.

भावोजींनी कॅपॅसिटरची दोन्ही टोकं जोडली. आम्ही श्वास रोखला. फट् नाही, ठिणगी नाही. आतल्या रेझिस्टरने तो केव्हाच रिकामा करून ठेवला होता. दोघे इतके हिरमुसले की मला त्यांची कीव आली.

मग डायोड तपासला, दाराचे स्विच एकेक दाबून पाहिले. तासाभराने बिघाड सापडला. मॅग्नेट्रॉनला जाणाऱ्या तारेच्या टोकाची पत्र्याची छोटी चिमटी रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाली होती आणि जळून काळी पडली होती. किंमत काही सेंट. टेक्सनच्या डब्यात तशा चाळीस होत्या. त्यांनी तार कापली, नवी चिमटी दाबून बसवली, आणि दोघांनी एकमेकांचा हात असा हलवला की जणू चंद्रावरून परत आले.

ओव्हन पुन्हा माझ्या डोक्यावरून जागेवर गेला. दूध ठेवलं. तिसाव्या सेकंदाला खट् आवाज झाला आणि घर बंद पडलं. आमच्या रिगचं कनेक्शन तीस अँपिअरचं. त्यातले चौदा-पंधरा एसी खातो, तेरा-चौदा मायक्रोवेव्ह, आणि उरलेल्यात पाणी तापवणारा गीझर सुरू होता.

"एसी बंद करून लावायचा," भावोजी म्हणाले. "आपण नेहमी तसंच करतो."

"आपण नेहमी लावतच नाही," ताई म्हणाली. "काल चुकून लावला."

हे ऐकल्यावर मला आठवलं, आल्या दिवशी चिवड्याचा डबा तिने तिथूनच काढून दिला होता. आता तिने तो पुन्हा आत ठेवला, शेजारी लाडवांचा ठेवला आणि दार लावलं. भावोजी हरकत घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते. टेक्सनच्या रिगमधला पाण्याचा पंप आवाज करत होता, आणि ते चपला घालत होते.

मायक्रोवेव्ह आता उत्तम चालतो. भाजी गॅसवर गरम होते.