मांजर, मुंग्या आणि मांडणी

गावाकडच्या पद्धतीचे स्वयंपाकघर मुळात शोभेसाठी नव्हे, बचावासाठी रचलेले असते. त्यातल्या बहुतेक वस्तूंमागे एकेक शत्रू उभा असतो. शिंके मांजरासाठी, जाळीचे फडताळ उंदरांसाठी, फडताळाच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी, धान्यातला कडुनिंबाचा पाला किड्यांसाठी. लोणच्याची बरणी सगळ्यांत वरच्या फळीवर असते, ती शाळेतून आलेल्या मुलांसाठी. शहरातल्या फ्लॅटमध्ये असे स्वयंपाकघर करायचे झाल्यास आधी शत्रूंची यादी करावी. शत्रूच नसताना शस्त्र भिंतीला टांगले, की त्याला इंटिरियर म्हणतात.

रचनेचा आरंभ चुलीपासून होतो. मातीच्या चुलीला मुख्य तोंड असते आणि शेजारी वैल असतो. मुख्य तोंडावर भाकरी भाजून होईपर्यंत उरलेल्या आचेवर वैलावरची आमटी गरम राहते. वेगळे इंधन लागत नाही. ही काटकसर घ्यावी, चूल घेऊ नये. गावातल्या बाईच्या डोळ्यांतला धूर जावा म्हणून 2016 साली गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. इकडे महामार्गावरची हॉटेले ‘चुलीवरचे मटण’ अशा पाट्या रंगवून त्याच धुराचे जादा पैसे घेतात. कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि जाता जाता वाशांना काजळी चढवून किड्यांपासून राखी. काँक्रीटच्या स्लॅबला या संरक्षणाची गरज नसते. फ्लॅटमध्ये लाकडे पेटवली, तर धूर खिडकीतून शेजाऱ्यांकडे जातो आणि शेजारी दारातून येतात. तेव्हा गॅसची शेगडीच ठेवावी. हौसच असेल तर तिच्यावर मातीचा तवा ठेवावा. मात्र मंद आचेवर आणि हळूहळू तापवून, नाहीतर तो तडकतो.

जागेच्या आखणीबाबत पाश्चात्त्य शास्त्र आणि गाव यांत मतभेद आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 1940 च्या दशकात झालेल्या कामातून स्वयंपाकघराचा त्रिकोण रूढ झाला. शेगडी, सिंक आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या तीन बाजूंची बेरीज साधारण 13 ते 26 फूट असावी, असा तो नियम. गावाकडे बाई पाटावर बसली की समोर चूल, उजवीकडे परात, डावीकडे पाण्याची कळशी. त्रिकोणाची बेरीज हाताच्या लांबीत बसे. उठावे लागले तर मिठासाठी, आणि तेही सहसा दुसऱ्या कुणाला तरी सांगून. आता मांडी घालून रांधणे गुडघ्यांना मान्य नाही, त्यामुळे उभा ओटा अटळ आहे. त्याची उंची उभ्या माणसाच्या कोपराच्या चार-पाच बोटे खाली असावी. कोपर मात्र रोज पोळ्या लाटणाऱ्या माणसाचे मोजावे. टेप धरायला उत्साहाने पुढे येणारा माणूस बहुधा तो नसतो.

जमीन शेणाने सारवलेली हवी, असा हट्ट काही घरमालक धरतात. सारवण वरचेवर करावे लागते हे कळल्यावर हट्ट ओसरतो. लाल कोबा हा त्यावरचा चांगला उतारा. तो पायाला गार लागतो आणि वर्षानुवर्षे पुसून त्याला चकाकी येते. शहाबादी फरशीही चालते, पण ती तेल पिते. फोडणीची हकिगत तिच्यावर कायमची नोंदली जाते. छताला कौले लावण्याची टूम निघाली आहे. ‘मंगलोरी’ कौलांचा कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात काढला, म्हणजे आपले हे अस्सल गावठी छप्पर मिशनऱ्यांच्या भट्टीतून आले आहे. फॉल्स सीलिंगखाली चिकटवलेली कौले पाऊस अडवीत नाहीत, कारण पाऊस तिथवर पोचतच नाही. धूळ मात्र चोख साठवतात.

पाटा-वरवंटा घ्यायचा तर तो जमिनीवरच मांडावा आणि खालच्या मजल्याशी संबंध आधीच सुधारून ठेवावेत. वापराने पाटा गुळगुळीत होतो. मग त्याला टाकी लावून घ्यावी लागते, आणि टाकी लावणारा शोधणे पाटा शोधण्याहून अवघड आहे. विळीची शिफारस करताना लेखणी थबकते. नारळ खवणे आणि फणस चिरणे यांत तिला तोड नाही, पण ती पाडून ठेवण्याची शिस्त घरात नसेल तर सुरी बरी.

खरे सौंदर्य मांडणीत आहे. उतरत्या उंचीने लावलेले पितळेचे डबे, ओळीने अडकवलेली ताटे, खाली तांब्याचा हंडा: या भिंतीला वेगळ्या चित्राची गरज नसते. अडचण एवढीच, की पितळ दिसते सुंदर आणि काळवंडते रोज. शिवाय कल्हई नसलेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागर टाकून कापसाने ते फिरवतो. हा थर झिजतो आणि पुन्हा करावा लागतो. म्हणून पितळ किती घ्यावे याचे माप पैशात नसते. एका रविवारी चिंच लावून जेवढे घासता येईल तेवढेच घ्यावे. बाकीच्यासाठी स्टील आहे. गावात तेच आहे.

शिंके मात्र खुशाल टांगावे. कांदे-लसूण त्यात हवेशीर राहतात, आणि मांजरे शहरातही आहेत.