बारा शब्दांचं कुलूप

२०२० च्या जून महिन्यात जॉन कँट्रेल नावाच्या एका प्रोग्रामरने एक बिटकॉइन जिंकला. चोरला नाही, जिंकला. अ‍ॅलिस्टर मिल्न या गुंतवणूकदाराने तो एका वॉलेटमध्ये ठेवला होता. वॉलेट उघडणारे बारा इंग्रजी शब्द लपवून तो समाजमाध्यमांवर एकेक सुगावा देत होता. कुणी यंत्र लावून डाव साधू नये म्हणून शेवटचे काही शब्द एकदम जाहीर करायचे, असा त्याचा बेत होता. कँट्रेलने तेवढी वाट पाहिली नाही. आठ शब्द हाती येताच उरलेले चार त्याने यंत्राकडून शोधून घेतले. चार जागा आणि प्रत्येक जागी २०४८ पैकी एक शब्द, म्हणजे सुमारे सतरा लाख साठ हजार कोटी शक्यता. भाड्याच्या ग्राफिक कार्डांवर तीसेक तासांत काम फत्ते झालं.

ही गोष्ट ऐकली की पोरांचे डोळे चमकतात, आणि चमकायलाच हवेत. पण चमकलेले डोळे दोन वाटांना जातात. एक वाट गणिताकडे जाते. दुसरी टेलिग्रामवरच्या त्या दुकानांकडे जाते, जिथे 'हरवलेली वॉलेट शोधून देणारं सॉफ्टवेअर' विकलं जातं. परभणीपासून पाथरीपर्यंत ज्याच्या खिशात मोबाइल आहे, त्याच्यापर्यंत ही दुकानं पोहोचलेली आहेत. म्हणून आज हा हिशेब मांडतो.

आधी कुलूप समजून घेऊ. २०१३ मध्ये ठरलेल्या एका पद्धतीनुसार वॉलेट २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतून बारा शब्द निवडतं. यादी गुप्त नाही. पहिला शब्द 'अबँडन', शेवटचा 'झू', कुणीही उघडून वाचावी. शब्द निवडतं ते यंत्र, आणि निव्वळ योगायोगाने. शेवटच्या शब्दात एक पडताळणी दडलेली असते. कसेही बारा शब्द उचलले, तर सरासरी सोळातला एकच संच या पडताळणीत उतरतो. तेवढं सगळं वजा करूनही ज्या शक्यता उरतात, त्यांची संख्या एकोणचाळीस आकडी आहे. सेकंदाला एक लाख कोटी संच तपासणारं यंत्र कुणी आणलं, तरी सगळ्या शक्यता संपवायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या अठ्ठ्याहत्तर कोटी पट वेळ लागेल. 'हरवलेलं वॉलेट शोधून देतो' म्हणणाऱ्याला हा आकडा माहीत असतो. तो तुमच्याकडून आगाऊ पैसे घेतो, नाहीतर त्या सॉफ्टवेअरमधून तुमचाच मोबाइल उघडतो. त्याचा धंदा तेवढाच.

मग कँट्रेलला कसं जमलं? आठ शब्द माहीत होते म्हणून. सगळं गणित या एका वाक्यात आहे.

अशा मोजणीसाठी आपल्याला परदेशात जायची गरज नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात विचारलंय की शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून किती प्रकारे देता येतील? उत्तर आहे ३६,२८,८००. आता दहाऐवजी बारा घ्या. बाराही शब्द माहीत आहेत, फक्त क्रम विस्कटलाय, असं समजा. मग मांडण्या होतात ४७,९०,०१,६००. सोळात एक या पडताळणीने त्यातल्या तीनेक कोटीच उरतात, आणि तेवढ्या तपासणं हे एका बऱ्या संगणकाचं काही तासांचं काम आहे. शब्द उलटसुलट लिहून ठेवले की कागद सुरक्षित झाला, असं मानणाऱ्यांनी हा आकडा त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहावा.

असाच आणखी एक घातक शहाणपणा आहे. बारा शब्द तीन कागदांवर वाटायचे, प्रत्येकावर आठ, असे की कोणतेही दोन कागद एकत्र आले की बाराही मिळतात. एक कागद आपल्याकडे, एक भावाकडे, एक गावी आईच्या पेटीत. ऐकायला फार समंजस वाटतं. पण एक कागद चोराच्या हाती लागला, तर त्याच्याकडे आठ शब्द आले आणि चार उरले. म्हणजे कँट्रेल जिथे होता तिथेच तो चोर उभा राहिला. तीस तास! ही युक्ती सांगणाऱ्यांनी ती स्वतः कधी मोजून पाहिलेली नसते, याचा मला मनापासून राग येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माणसाने मनाने रचलेलं वाक्य कुलूप म्हणून निकामी आहे. बिटकॉइनच्या सुरुवातीच्या काळात 'ब्रेनवॉलेट' नावाची टूम निघाली होती. एखादं लक्षात राहील असं वाक्य ठरवायचं, त्यातून किल्ली तयार करायची आणि कागद ठेवायचाच नाही. २०१६ मध्ये मारी व्हासेक, रायन कॅस्टेलुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीस हजार कोटी अंदाज लावून पाहिले तेव्हा वापरात आलेली ८८४ वॉलेट सापडली. त्यातली २१ सोडून बाकी सगळी आधीच कुणीतरी रिकामी केलेली होती. बहुतेकांतले पैसे चोवीस तासांच्या आत गेले होते, कित्येकांतले तर काही मिनिटांत. म्हणजे पैसे पडायची वाट पाहत यंत्रं दबा धरून बसलेली होती.

इथे कुणीतरी हमखास म्हणतो, 'आपलं मराठीत आहे, त्यांना काय कळणार?' जनाबाई आपल्या गंगाखेडची. तिच्या अभंगाची ओळ उलटी लिहिली, मध्ये जन्मसाल घातलं, की अमेरिकेतल्या चोराच्या बापाला सापडणार नाही, असं या माणसाला वाटतं. सापडेल. चोराला मराठी यावं लागत नाही. संतांची गाथा, म्हणींची पुस्तकं, सिनेमाची गाणी, गावांची नावं, सगळं इंटरनेटवर आहे. त्याचं यंत्र ते गिळतं, अक्षरं उलटवतं, इंग्रजी लिपीत लिहितं, मागेपुढे आकडे जोडतं. आपल्याला जे प्रेमाने पाठ आहे, ते लाखो लोकांना पाठ आहे. जे लाखोंना पाठ आहे, त्याची किल्ली होत नाही.

आणि हा धडा मराठीने एकदा घेतलेला आहे. महानुभाव पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ लिपीत बंद केले. सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही लिप्या होत्या. आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या बोरीचे मानले जाणारे भास्करभट्ट बोरीकर, त्यांचा 'शिशुपाळवध'ही अशा लिपीच्या आड राहिला. शतकानुशतकं पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय असल्याचाच पत्ता नव्हता. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारखे संशोधक त्यामागे लागले आणि दार उघडलं. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर, अशी ती रचना. रीत उमगली की एक पोथी नव्हे, सगळ्याच पोथ्या वाचता येतात. पंथाचा हेतू पवित्र होता, आणि त्या पोथ्या टिकल्या हे आपलं भाग्य. पण कुलपाचं बळ जर कुलूप कसं बनवलं ते न सांगण्यात असेल, तर ते एक दिवस उघडतं. ऑग्युस्त केरखॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये सैन्यासाठी हेच लिहून ठेवलं: रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल अशीच असावी, गुप्त असावी ती फक्त किल्ली. २०४८ शब्दांची यादी सगळ्यांना खुली आहे, ती याच विचाराने.

त्या यादीबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे. मूळ पद्धतीसोबत इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, चिनी, फ्रेंच, इटालियन, चेक आणि पोर्तुगीज याद्या आहेत. मराठी नाही, हिंदी नाही, भारतातली एकही भाषा नाही. सेलूच्या किंवा पूर्णेच्या मराठी माध्यमाच्या मुलाने इंग्रजी शब्द हाताने उतरवताना एखादं अक्षर चुकवलं, तर? यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी ठेवली आहेत, म्हणून तो बहुधा वाचेल. पण मराठीत अशी यादी करणं, म्हणजे काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ यांत गोंधळ होणार नाही असे २०४८ शब्द निवडणं, हे भाषेच्या प्राध्यापकाने आणि संगणकाच्या प्राध्यापकाने एका टेबलाशी बसून करण्यासारखं काम आहे. कुणी हाती घेईल का?

तोवर फसवणारे मात्र कामाला लागलेत. एखाद्या व्हिडिओखाली कुणीतरी भोळेपणाचा आव आणून लिहितो, 'माझ्या वॉलेटात डॉलर आहेत, हे माझे बारा शब्द, दुसरीकडे कसे पाठवू?' आपण शब्द टाकतो, वॉलेट उघडतं, आत खरंच पैसे दिसतात. बाहेर काढायला थोडं शुल्क भरावं लागतं, तेही दुसऱ्या नाण्यात. आपण ते शुल्क आत टाकतो आणि ते क्षणात गायब होतं. डॉलर तिथेच राहतात, कारण ते हलवायला आणखी एका किल्लीची सही लागते आणि ती किल्ली चोराकडे असते. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने २०२४ च्या अखेरीस या सापळ्याबद्दल इशारा दिला होता. या सापळ्यात तोच अडकतो, ज्याने दुसऱ्याच्या पैशाला हात घातला. तरीही मला त्या मुलाबद्दल कळवळा वाटतो, कारण बारा शब्द मिळाले हाच शोध, असं त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या माथी मारली जाते. मला ती कधीच आवडली नाही. पण दुसऱ्याच्या वॉलेटवर अंदाज मारत बसणारा पोरगा त्या म्हणीला स्वतःच्या हाताने खरं करतो. आणि कायदाही स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे, अप्रामाणिकपणे दुसऱ्याच्या संगणक-व्यवस्थेत परवानगीशिवाय शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मिल्नने स्वतः हाक दिली होती, म्हणून कँट्रेल विजेता ठरला. ज्याचे पैसे त्याने बोलावलं असेल तरच ते कोडं आहे.

खरी वॉलेट अंदाजाने फारशी रिकामी होत नाहीत. ती शब्द दाखवल्याने रिकामी होतात. पुण्याचं गेनबिटकॉइन फसवणूक प्रकरण आठवा. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तपासात दोन खासगी जाणकारांची मदत घेतली, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं चलन त्यांनी परस्पर वळवलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणातल्या एका आरोपीला वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला देण्यास सांगितलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही पासवर्ड मागावाच लागतो. गणिताची ताकद याहून स्पष्ट कशी सांगू?

म्हणून माझी मागणी आहे. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीला राष्ट्रीय गणित दिन असतो. परभणीतल्या एखाद्या महाविद्यालयाने त्या दिवशी चाचणी-जाळ्यावर, म्हणजे जिथल्या नाण्यांना बाजारात किंमत नसते अशा ठिकाणी, एक वॉलेट तयार करावं. मुलांना बारापैकी दहा शब्द द्यावेत. दोन जागांच्या ४१,९४,३०४ शक्यता, त्यातल्या पडताळणीत उतरणाऱ्या सुमारे २,६२,०००. प्रयोगशाळेतला साधा संगणक एका तासिकेत उत्तर काढेल. मग तीन शब्द झाकावेत. तपासायचे संच त्रेपन्न कोटींच्या वर जातील. मुलांना काम वाटून घ्यावं लागेल, यंत्रं रात्रभर चालू ठेवावी लागतील. चार झाकले की कँट्रेलचं कोडं. पाच झाकले की कँट्रेलच्याच वेगाने, भाड्याची सगळी कार्डं धरून, सात वर्षं. ती सात वर्षं कुठून आली, हे मुलांनी फळ्यावर मांडावं, आणि त्या वर्गात पहिल्या बाकावर त्यांच्या पालकांनाही बसवावं.