बॅटरीचे मुखत्यार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदेस कापूस वेचणीचा हंगाम भरात आला आणि ट्रॅक्टरांमागच्या लादलेल्या ट्रॉल्या खामगावच्या वाटेला लागल्या, म्हणजे ज्या एका गृहस्थाचा भाव कापसापेक्षाही चढतो, तो ना अडत्या असतो ना मापाडी. तो असतो बॅटरीचा स्वयंनियुक्त मुखत्यार. असे मुखत्यार प्रत्येक चौकात एक तरी असतातच. त्यांना वकीलपत्र कोणी दिलेले नसते आणि त्यांची कोणाला फीही द्यावी लागत नाही, चहा तेवढा दोनदा सांगावा लागतो.

ट्रॉली जोडून रात्री उभा केलेला ट्रॅक्टर सकाळी सेल्फ घेत नाही, नुसते ‘टक्’ करून मौन धरतो, ही फिर्याद घेऊन मालक येतो, तेव्हा त्याच्यापुरता निवाडा झालेलाच असतो : बॅटरी खराब. मुखत्यारांना हा एकतर्फी निकाल साफ नामंजूर. शिशाची बॅटरी 1859 साली प्लान्ते नामक फ्रेंच गृहस्थाने सिद्ध केली, हे निवेदन केल्यावाचून ते पान्याला हात लावीत नाहीत. आणि लावण्यापूर्वीही तपासतात ते बॅटरीला नव्हे, मालकाला.

“पानी कोनतं टाकलं?”

“बोअरचं.”

यावर ते क्षणभर डोळे मिटतात. पूर्णेकडचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. जे पाणी पिकालाही मानवत नाही, ते बॅटरीला पाजणे हा त्यांच्या दफ्तरी दखलपात्र गुन्हा आहे.

तथापि त्यांचा खरा संशय ट्रॉलीवर असतो. सर्व बटणे बंद करवून ते बॅटरीची ऋण तार सोडवतात आणि तार व टोक यांच्यामध्ये एक लहानसा बल्ब धरतात. काहीही चालू नसताना बल्ब पेटला, म्हणजे चोरी शाबीत. ट्रॉलीचा प्लग उपसताच तो विझला, म्हणजे चोरही शाबीत. मग तारेचा माग काढीत स्वारी मागच्या फाळक्यापाशी पोहोचते आणि लोंबती ताडपत्री उचलते, तो आत दोन दिवे रात्रभर जळत असलेले! मालकाच्या चिरंजीवांनी ट्रॉलीला गाणी बसवताना दिव्यांची तारही बटण टाळून थेट बॅटरीला जोडलेली असते. (कापसाच्या गाडीत अशी उघडी तार बॅटरीहून कितीतरी महाग पडू शकते, पण त्याचे सोयरसुतक चिरंजीवांना नसते.)

आता मडगार्डवर खडूने हिशेब मांडला जातो : 5 वॅटचे दोन दिवे, 12 व्होल्ट, बारा तास; म्हणजे रात्रीला 10 अँपिअर-तासांची अफरातफर. 80 अँपिअर-तासांची बॅटरी एवढी तूट एक-दोन रात्री सोशीलही. पण दिवसा शेत ते जिनिंग एवढीच फेरी, त्यात पंख्याचा पट्टा ढिला, मग अल्टरनेटरने भरपाई करावी तरी केव्हा? चिरंजीव एव्हाना पसार झालेले असतात.

“म्हंजे बॅटरी चांगली हाये न?” मालक हर्षभराने विचारतो.

मुखत्यार झाकणे उघडून आत पाहतात. पुनःपुन्हा तळाशी गेलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचे पांढरे, टणक पुट चढते, ते पुढे कितीही चार्जिंग केले तरी सुटत नाही. दुसरा चहा संपवून ते अत्यंत गंभीरपणे निकाल वाचतात :

“थे निर्दोष हाये, भाऊ. पन आता वाचत नाही. नवी घ्या.”