डिकीचा पंचनामा
अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून मुंबई-आग्रा महामार्गाने कसारा घाटाकडे निघालेल्या एखाद्या प्रतिष्ठित मोटारीच्या डिकीचा कोणी रीतसर पंचनामा केलाच, तर द्राक्षांच्या खोक्याखाली दबलेली प्रथमोपचाराची पेटी, तिच्यातील मुदत संपलेले मलम, आणि धुक्यात मागच्या ट्रकला सावध करण्याचे कर्तव्य शिरावर असूनही स्वतःच अंधारात पडलेला लाल त्रिकोण, एवढा ऐवज हाती लागेल. 2020 साली सरकारने हवेचा दाब दर्शविणारे यंत्र व पंक्चर काढण्याचा संच बाळगणाऱ्या, ट्यूबलेस टायरच्या छोट्या गाड्यांना जादा चाकाची माफी दिली. परंतु बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीस अशी सवलत देण्याचे धाडस कोणत्याही खात्यास झालेले नाही. दर शनिवारी निष्ठेने बदलली जात असल्यामुळे, आपत्प्रसंगासाठी बाळगलेल्या समस्त सामग्रीत मुदतीच्या आत असलेली ती एकमेव वस्तू होय.