मू क्रथा : गड, खंदक आणि दोन तास

पैसे मोजून वर स्वयंपाकही स्वतःच करायचा, अशा भोजनप्रकारांत थायलंडच्या मू क्रथाचा मान मोठा आहे. हॉटेलवाला टेबल, निखारे, कच्चा माल आणि बादलीभर बर्फ देतो. भाजणे, उकळणे, उलटणे, करपलेला तुकडा कोणाचे लक्ष नसताना शेजाऱ्याच्या बाजूला सरकवणे आणि धुराने डोळ्यांत आलेले पाणी पुसणे ही कामे गिऱ्हाइकाकडे असतात. एवढी मजुरी करून शेवटी बिलही गिऱ्हाईकच भरते, आणि पुढच्या वेळचा बेत ठरवूनच उठते. चिआंग माई असो, खोन केन असो की बँकॉकची उपनगरे, पत्र्याच्या छपराखालच्या या प्रशस्त हॉटेलांत संध्याकाळी टेबलासाठी ताटकळावे लागते.

सगळ्या प्रकाराचे मूळ भांड्यात आहे. दीड-दोन वितींचे हे ॲल्युमिनियमचे भांडे म्हणजे छोटा डोंगरी किल्लाच. मधोमध खाचा पाडलेला घुमट, तो बालेकिल्ला. त्याच्याभोवती फिरलेला खोलगट काठ, तो खंदक. बालेकिल्ल्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप भाजतात, खंदकात भाज्या आणि शेवया उकळतात, आणि खाली शेगडीत निखारे असतात. मांसातून सुटणारा रस व चरबी उतारावरून ओघळत खंदकात येते. त्यामुळे सुरुवातीला नुसत्या गरम पाण्याहून फार निराळा न लागणारा रस्सा तासाभरात असा काही चवीला येतो, की आधी त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणारे लोक वाट्या घेऊन पुढे सरसावतात.

हा किल्ला मूळचा कोणी बांधला, यावर एक दंतकथा आहे. मंगोल सैनिक मोहिमेवर असताना आपली शिरस्त्राणे विस्तवावर पालथी घालून त्यांवर मांस भाजत, असे म्हणतात. रणांगणात उघड्या डोक्याने जेवत बसणाऱ्या फौजेने निम्मे जग जिंकले असेल, हे पटायला जड जाते. पण जपानच्या होक्काइदो बेटावर घुमटाकार तव्यावर भाजलेल्या मेंढीच्या मांसाला आजही चंगीझ खानाच्याच नावाने ओळखतात. कोरियातही बुलगोगीसाठी असाच फुगीर, काठाला पन्हळ असलेला तवा वापरतात. थायलंडमध्ये जुनी पिढी या प्रकाराला ‘नुआ यांग काउली’, म्हणजे कोरियन पद्धतीचे भाजलेले गोमांस, म्हणत असे. पुढे गोमांस मागे पडले आणि डुकराचे मांस पुढे आले. ते स्वस्त पडते, शिवाय थायलंडच्या चिनी वंशाच्या समाजात क्वान यिन देवीचे अनेक भक्त गोमांस वर्ज्य मानतात. कोरियाचे नाव गेले, गाय गेली, तवा तेवढा राहिला. लाओसमध्ये याच प्रकाराला ‘सिन दात’ म्हणतात आणि तो आपलाच असल्याचे लाओसच्या लोकांना ठामपणे वाटते. एका भांड्यावर इतक्या देशांची वहिवाट असूनही प्रकरण अजून कोर्टात गेलेले नाही, हे विशेष.

मू क्रथाची शहरी, वातानुकूलित भावंडे निराळी. १९५७ साली बँकॉकमध्ये सुरू झालेल्या कोका या हॉटेलाने आणि १९८६ साली सेंट्रल लाटफ्राओ या मॉलमध्ये पहिली शाखा उघडणाऱ्या एमके या हॉटेलसाखळीने ‘सुकी’ घरोघरी नेली. सुकीत बालेकिल्ला नाही, नुसता खंदक. म्हणजे रश्श्याचे पातेले मध्ये ठेवून त्यात सर्व काही बुडवायचे. एमकेच्या शाखांत ठरावीक वेळी वेटर कामे थांबवून रांगेत नाचतात, आणि ज्यांची ऑर्डर यायची असते ते लोक हा नाच कौतुकापेक्षा काळजीने पाहतात. १९८७ साली निघालेल्या बार बी क्यू प्लाझाने घुमटाचा तवा मॉलमध्ये आणला आणि त्यावर राखणदार म्हणून एक हिरवा गुबगुबीत ड्रॅगन नेमला. ईशान्येकडच्या इसान भागातले ‘चिम चुम’ मातीच्या मडक्यात, गवती चहा, गलांगल आणि तुळशीच्या पाण्यात शिजते. ते चवीला उत्तम, पण त्यात भाजकाम नसल्याने भांडायला फारसे निमित्त मिळत नाही.

मू क्रथाची सुरुवात चरबीने होते. वेटर धगधगते निखारे आणून शेगडीत ओततो, वर भांडे ठेवतो आणि किटलीने खंदक भरतो. मग डुकराच्या चरबीचा एक पांढरा चौकोनी तुकडा बालेकिल्ल्याच्या शेंड्यावर ठेवायचा असतो. तो हळूहळू पाझरतो, घुमटाला चकाकी येते आणि पुढचे काप चिकटत नाहीत. नवखी मंडळी हा तुकडा खायचा समजून भाजला जाण्याची वाट पाहत बसतात. दुसऱ्या टोकाची मंडळी तो वगळून थेट मांसाचा काप घुमटावर टाकतात. काप आक्रसतो, कडांनी वर उचलला जातो, मध्ये मात्र घट्ट धरून बसतो. चिमट्याने ओढला की निम्मा हाती येतो आणि निम्मा तिथेच राहून जेवण संपेपर्यंत धूर काढतो. मग भांडे बदलून मागावे लागते. जाणकार माणूस चरबीचा तुकडा चिमट्यात धरून अधूनमधून साऱ्या घुमटावरून फिरवून घेतो, आणि त्या एका हालचालीवरून टेबलावरचे नेतृत्व आपोआप ठरते.

काप आधीच मुरवलेले असतात: लसूण, पांढरी मिरी, ऑयस्टर सॉस, तिळाचे तेल, थोडे टॅपिओकाचे पीठ, आणि कोथिंबिरीची मुळे. महाराष्ट्रात जुडी निवडताना जी मुळे मातीसकट कचऱ्यात जातात, त्यांवर थाई स्वयंपाकाचा निम्मा सुगंध उभा आहे. खंदकात सोडायच्या वस्तूंतही मराठी माणसाच्या ओळखीचे बरेच निघते. थाई लोक ‘फाक बुंग’ म्हणून जुड्याच्या जुड्या सोडतात ती आपली नाळीची भाजी. काचेसारख्या दिसणाऱ्या ‘वुन सेन’ शेवया मुगाच्या. या शेवयांपासून मात्र सावध राहावे. त्या मूठभर दिसतात, पण सगळ्यांचे लक्ष वर बालेकिल्ल्याकडे असताना त्या खाली गुपचूप खंदक पिऊन टाकतात. पुन्हा पाहावे तर रस्सा गायब आणि काठाशी शेवयांचा गोळा करपायच्या बेतात. किटलीवाल्या वेटरला हाक मारायची वेळ बहुधा यांच्यामुळेच येते. कोबी, मका, अळंबी, अंडे, माकूल, कोळंबी, कलेजी, माशाचे गोळे यांविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते जातात आणि शिजतात.

चवीचा खरा भार ‘नाम चिम’वर, म्हणजे बुडवून खायच्या चटणीवर असतो. लाल, पातळसर, आंबटगोड, तिखट अशी ती असते, आणि प्रत्येक हॉटेलवाल्याला आपलीच चटणी जगात एकमेव असल्याचा विश्वास असतो. सोबत चिरलेला लसूण, मिरची आणि लिंबू ठेवलेले असते; प्रत्येकाने आपापल्या ताकदीनुसार घालून घ्यायचे. ठेच्यावर वाढलेली माणसे इथे हमखास हात मोकळा सोडतात. थायलंडची बारीक मिरची लवंगीएवढी असते आणि तिला कोल्हापूरचा मुलाहिजा ठाऊक नसतो. त्यानंतरची पाच मिनिटे बर्फाच्या बादलीचा उपयोग काय, हे नीट कळते.

आता बुफे. एकदा ठरावीक रक्कम भरली की हवे तेवढे खा, हा करार वरवर पाहता गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकलेला दिसतो. साध्या हॉटेलांत माणशी दोनशे ते तीनशे बाट घेतात. बाट साधारण अडीच-तीन रुपयांचा. एवढ्यात कोळंबीसह सारे काही अमर्याद कसे परवडते, याचे उत्तर मांडणीत आहे. दारातून आत येणारा माणूस भुकेला असतो, आणि त्याच्या वाटेत सर्वांत आधी तळलेला भात, नूडल्स, बटाट्याच्या फोडी, तळलेले कोंबडीचे पंख आणि पपईचा सोम तम येतो. मांस त्यानंतर. कोळंबी सर्वांत आत, आणि तिचे ताट दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडेसेच भरले जाते. पहिल्याच फेरीत भाताने ताट भरून आलेल्या माणसाला हॉटेलचा मालक लांबून प्रेमाने पाहत असतो.

याच्या उलट ‘पैसे वसूल’ पंथाची माणसे. ती दुपारी जेवत नाहीत, भाताकडे पाहत नाहीत, आणि एकाला कोळंबीच्या ताटाशी पहाऱ्यावर बसवतात. त्यांचे सगळे गणित भांडवली असते: दोनशे बाटची कोळंबी पोटात गेली की पुढचे सगळे नफ्यात. या गणितात सोलण्याची मजुरी, भाजण्याचा वेळ आणि रात्रीची पोटदुखी धरलेली नसते. फुकट ते पौष्टिक हे मराठी तत्त्वज्ञान थायलंडमध्ये कोणी शिकवलेले नाही, तरी ते तिथे उत्तम रुजले आहे. जानेवारी २०२२ मध्ये थायलंडने डुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर आल्याचे अधिकृतपणे मान्य केले, मांसाचा किरकोळ भाव किलोला दोनशे बाटच्या पुढे गेला आणि मू क्रथावाल्यांना दर वाढवावे लागले. पंथीयांनी त्याचाही अर्थ आता आणखी खाल्ले पाहिजे असाच घेतला.

हॉटेलवाल्याच्या हाती मग दोन शस्त्रे उरतात. एक घड्याळ. बहुतेक ठिकाणी दीड ते दोन तासांची मर्यादा असते. निखारे पेटून घुमट तापेपर्यंतचा वेळही त्यातच धरतात. दुसरे शस्त्र दंड. ताटात उरलेले अन्न तराजूवर ठेवून वजनावर पैसे लावतात, आणि त्यासाठी थायलंडमध्ये ‘खीत’, म्हणजे शंभर ग्रॅम, हे माप सोयीचे पडते. खाऊन माजावे, पण टाकून माजू नये, हे आपल्याकडे आजी सांगते. तिथे ते भिंतीवर दरासहित लिहिलेले असते. फरक एवढाच, की आजीच्या घरी कलेजीचे काप लेट्यूसच्या पानाखाली लपवता येत नाहीत. शेवटच्या दहा मिनिटांत टेबलाटेबलावर हेच चालते. पाने पांघरली जातात, काही काप करपवून ‘शेगडीत पडले’ म्हणून निकालात काढले जातात, आणि जे काहीच जमत नाही ते पंगतीतल्या सर्वांत भिडस्त माणसाच्या वाटीत आग्रहाने वाढले जाते. एवढा आग्रह मराठी लग्नातही हल्ली पाहायला मिळत नाही.

आरोग्याची बाब मात्र गमतीची नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जिवाणू माणसात येऊ शकतो. त्यातून मेंदूज्वर होतो आणि कायमचा बहिरेपणाही येऊ शकतो. थायलंडमध्ये या रोगाचे लौकिक नावच कान बंद पाडणारा ताप अशा अर्थाचे आहे. म्हणून तिथले आरोग्य खाते दोन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगते: मांस पूर्ण शिजवा, आणि कच्चे उचलायचा चिमटा व तोंडात घालायच्या काड्या वेगळ्या ठेवा. यातली दुसरी गोष्ट उष्टे-खरकटे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी माणसाला न सांगता कळावी. पण सहा जणांच्या सहा काड्या एकाच खंदकात शेवया शोधू लागल्या, की उष्टे कोणाचे हा प्रश्न घरचे वळणही सोडवू शकत नाही. रस्सा सतत उकळता ठेवणे आणि फार विचार न करणे हा व्यवहारी मार्ग.

शाकाहारी माणसाची गोष्ट सरळ आहे: त्याने इथे येऊ नये. बालेकिल्ल्याच्या शेंड्यावर डुकराची चरबी आणि उतार चारी बाजूंनी खंदकाकडे, अशी भूरचना असताना ‘मी फक्त कोबी खाईन’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. तरी मोठ्या गटातला एक जण दरवेळी मित्रांच्या भिडेखातर येतोच, आणि पूर्ण पैसे भरून आइस्क्रीम, कलिंगड व बटाट्याच्या फोडींवर दोन तास काढतो. मालकाच्या दृष्टीने आदर्श गिऱ्हाईक हेच. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात थायलंडमध्ये नऊ दिवस ‘जे’ व्रत पाळतात, तेव्हा मात्र मांसाशिवाय सुकीची चांगली सोय ठिकठिकाणी होते. त्या व्रतात लसूण-कांदाही चालत नाही, हे ऐकून चातुर्मास पाळणाऱ्या घरांना तिथल्या लोकांविषयी नव्याने आदर वाटेल.

थायलंडबाहेर हा प्रकार सिंगापूरने जोमाने उचलला, तिथे तो ‘मूकाटा’ म्हणून चालतो. बीच रोडवरचे गोल्डन माइल कॉम्प्लेक्स ही १९७३ ची इमारत ‘छोटे थायलंड’ म्हणून ओळखली जाई आणि तिथल्या मूकाटाचा वास जिन्यांपर्यंत येई. २०२३ मध्ये ती रिकामी करण्यात आली, दुकाने पांगली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून भारतीयांना थायलंडला व्हिसाशिवाय जाता येऊ लागले, त्यामुळे पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांना मूळ स्थानीच धूर घेण्याची सोय झाली. त्यासाठी कपडे जुने घालावेत. हा वास केसांतून एका धुण्यात जातो. जाकिटातून तो कधी जातो, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

मू क्रथा घरपोचही मिळते. शेगडी, भांडे, कोळसा, मुरवलेले मांस, भाज्या आणि चटणीच्या पिशव्या असा सगळा संच फोनवर मागवता येतो. २०२० मध्ये कोरोनामुळे हॉटेले बंद पडल्यावर या व्यवस्थेला विशेष भरभराट आली. घरी घड्याळ नसते, दंड नसतो, कोळंबीवर पहारा द्यावा लागत नाही, आणि याच कारणांमुळे तिथे बुफेपेक्षा निम्मेच खाल्ले जाते. शेगडी आणि भांडे दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा माणूस येऊन घेऊन जातो. भांडे घासून द्यावे लागत नाही, असे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले असते, किमतीच्याही वर.